हातातली बॅटरी घराघरांत नेणारा कॉनरॅड ह्यूबर्ट

बारामती आणि इंदापूर हा नीरा डाव्या कालव्याखालचा ऊसपट्टा. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. अशा वेळी हातात बॅटरी हवीच. खरं तर बॅटरी म्हणजे आतले सेल, पण गावाकडे अख्ख्या टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. ही वस्तू जगभर पोहोचवणाऱ्या माणसाचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

कॉनरॅड ह्यूबर्ट. जन्म १८५६ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या मिन्स्क भागातला. मूळ नाव अकिबा होरोविट्झ. घरचा धंदा दारू गाळण्याचा. पण ज्यूंवरचा जाच वाढत गेला आणि १८९१ मध्ये, पस्तिशीत, तो अमेरिकेला निघून गेला. तिथे नाव बदललं. सिगारचं दुकान, खानावळ, दूधविक्री असे अनेक धंदे करून पाहिले.

नशीब उघडलं ते विजेच्या गमतीच्या वस्तूंमुळे. दिवा लागणारी फुलझाडाची कुंडी, चमकणारी टायपिन असा माल तो विकू लागला. डेव्हिड मिसेल या संशोधकाने केलेल्या हातातल्या दिव्याचं पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी ह्यूबर्टच्या कंपनीच्या नावावर झालं. म्हणजे शोध मिसेलचा. ह्यूबर्टने तो विकायचा धंदा उभा केला.

रचना साधी होती. कागदी नळीत एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब, मागे पितळी आरसा. पण बल्बची कार्बनची तार वीज फार खायची आणि तेव्हाचे सेल दुबळे होते. उजेड सलग टिकायचा नाही, क्षणभर चमकायचा. फ्लॅशलाइट हे नाव त्यातूनच पडलं. ह्यूबर्टने न्यूयॉर्कच्या पोलिसांना काही दिवे फुकट वापरायला दिले आणि त्यांची पसंती जाहिरातीत वापरली. पुढे सेल सुधारले, टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले, आणि ही गमतीची वस्तू गरजेची झाली.

१९०६ मध्ये सेल बनवणाऱ्या नॅशनल कार्बन कंपनीने ह्यूबर्टच्या कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला, १९१४ मध्ये उरलेलाही. त्यातूनच एव्हरेडी हा ब्रँड मोठा झाला. १९२८ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरात ह्यूबर्टचा मृत्यू झाला. संपत्तीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्याने दानधर्मासाठी ठेवला होता.

त्याच्या दिव्याची अडचण आजच्या एलईडी टॉर्चलाही लागू पडते: सेल, दिवा आणि नळी एकमेकांना जुळल्याशिवाय उजेड टिकत नाही. साधा सेल १.५ व्होल्टचा असतो. हल्ली सर्रास वापरला जाणारा १८६५० हा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि ३.७ व्होल्टचा असतो. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट भरतो. असे दोन सेल एकामागे एक लावले की ८.४ व्होल्ट होतात. एकाच सेलसाठी बनवलेलं सर्किट त्याने जळू शकतं.

मापही पाहावं लागतं. संरक्षक सर्किट असलेला सेल किंचित लांब असतो, त्यामुळे काही नळ्यांचं टोपण बसत नाही. सपाट डोक्याचा सेल काही टॉर्चमध्ये टेकतच नाही. चार्जरही लिथियमचाच हवा, आणि जुना व नवा सेल एकत्र घालू नये. टॉर्च बनवताना आधी एलईडीचं सर्किट किती व्होल्ट सोसतं ते बघावं, मग सेल ठरवावा आणि शेवटी नळी. उलट क्रमाने गेलं, तर उसात मध्यरात्री अंधार ठरलेला.