प्लेगची लस आणि मुलकोवालचा कलंक

मुंबईत परळला ‘हाफकिन’ हे नाव कोणालाही विचारले तरी माणूस बोट दाखवून संस्थेचे आवार दाखवतो. सर्पदंशावरील औषधापासून पोलिओच्या लशीपर्यंत अनेक गोष्टींशी हे नाव जोडले गेले आहे. मात्र हाफकिन हे एका माणसाचे नाव होते, आणि त्या माणसाने याच शहरात कीर्तीचे शिखर व अवहेलनेची खाई या दोन्ही गोष्टी अनुभवल्या, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही.

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. झारशाहीतील तो काळ ज्यूंच्या कत्तलींचा होता. आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते, आणि त्यापायी त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. पुढे धर्मांतर केल्यास प्राध्यापकपद मिळेल अशी वाट त्यांच्यापुढे होती, पण त्यांनी ती नाकारली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला पोहोचले आणि लुई पाश्चर यांच्या संस्थेत रुजू झाले. तेथेही आरंभी त्यांच्या वाट्याला ग्रंथालयातील साहाय्यकाचेच काम आले.

पुस्तके लावून झाल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग आरंभले. त्यातून तयार झालेली लस १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पटकीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या बंगालमध्ये तिची खरी कसोटी लागणार होती. मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत सैन्याच्या छावण्या, तुरुंग, चहामळे आणि गलिच्छ वस्त्या पालथ्या घालून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. ही सक्ती नव्हती. जो स्वखुशीने दंड पुढे करील त्यालाच लस, असा त्यांचा शिरस्ता होता. हिवतापाने शरीर पोखरल्यामुळे त्यांना मध्यंतरी युरोपात परतावे लागले, पण १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर हादरले आणि माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. घरांची झडती, रुग्णांना बळेच इस्पितळात नेणे, सामान जाळणे हेच सरकारचे मुख्य उपाय होते. पुण्यात या जुलमाचा उद्रेक २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला. त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. महाराष्ट्राच्या स्मृतीत प्लेग कोरला गेला तो असा.

या कोलाहलात ऑक्टोबर १८९६ पासून हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका व्हरांड्यात काम करीत होते. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच फौजफाटा. प्लेगच्या जंतूचा शोध लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. हा जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचा कसा, हा पहिला प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून झुंबरासारखी खाली लोंबू लागे. अशी वाढ पुरेशी झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि तीच लस. तीन महिन्यांच्या अहोरात्र श्रमांनंतर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी आपल्याच शरीरात टोचून घेतली. काही दिवसांतच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची पहिली मोठी चाचणी झाली.

लस टोचल्यावर ताप भरे, दंड सुजे आणि हातावर पोट असणाऱ्याचा रोजगार बुडे. शिवाय परक्या सरकारच्या हाती सुई असल्याने अफवांना ऊत आलेला. अशा वेळी खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. तरीही पुरावा हवाच होता. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांनाच लस दिली. एकाच छपराखाली राहणारी, एकच अन्न खाणारी माणसे. फरक केवळ सुईचा. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले, तर घेतलेल्या ७१ पैकी तिघे. ही लस अभेद्य कवच नव्हती, पण मरणाचे प्रमाण ती किती घटवते हे या आकड्यांनी दाखवले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे रीतसर उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उजाडला. पंजाबमधील मुलकोवाल या खेड्यात त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्युमुखी पडले. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. हाफकिन यांनी लशीच्या निर्मितीत कार्बॉलिक आम्लाऐवजी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पाश्चर संस्थेत रुळलेली ती पद्धत येथे त्यांच्यावरच उलटली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये ते लंडनला परतले.

वस्तुस्थिती वेगळी होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय ते बाटलीत आधीपासून वाढत असते, तर लशीला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी ती आली नव्हती. तरीही हे सारे मान्य होण्यास वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह १० शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून हा आरोप फेटाळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाची आठवण अनेकांना व्हावी, असाच हा प्रकार होता.

हाफकिन भारतात परतले, पण परळची खुर्ची आता त्यांची नव्हती. कोलकात्यात त्यांची नेमणूक झाली खरी; मात्र पूर्वीसारखे लोकांत जाऊन काम करण्याची संधी त्यांना पुन्हा लाभली नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. उर्वरित आयुष्य त्यांनी फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये धर्मचिंतनात आणि ज्यू समाजाच्या कार्यात घालवले. अविवाहित राहिलेल्या या संशोधकाने आपली पुंजी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ पासून तोपर्यंत मुंबईतून लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या.

प्रत्येक साथीत वैद्यकशास्त्राला दोन आघाड्यांवर लढावे लागते: एक जंतूशी, दुसरी संशयाशी. पहिली लढाई हाफकिन यांनी तीन महिन्यांत जिंकली. दुसरीने त्यांच्या उमेदीची वर्षे खाल्ली. म्हणून मुलकोवालच्या त्या १९ जणांचा विसर पडू देणे हा काही मार्ग नव्हे. लस घेण्यास विश्वासाने पुढे आलेली ती माणसे होती आणि त्यांच्या मृत्यूचे खरे कारण त्यांच्या आप्तांना कळायलाच हवे होते. चूक नेमकी कोठे झाली हे न शोधता सोयीचा माणूस गाठला, की मेलेल्यांनाही न्याय मिळत नाही आणि वाचू शकणाऱ्यांचा लशीवरील विश्वासही उडतो. २०२० नंतरच्या करोनाच्या साथीत लशीच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे सांगावयास नको. परळच्या त्या नावामागे हा सारा इतिहास उभा आहे.