रामसेस राजाचे नाव

निर्गमाचा पहिला अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांस पिथोम व रामसेस ही दोन नगरे ठाऊक आहेतच. इस्राएल लोकांस चिखलाच्या व विटांच्या कामात राबवून ही कोठारांची नगरे बांधविण्यात आली. रामसेस हे नाव धारण करणारे अकरा राजे मिसर देशात होऊन गेले. त्यांत दुसरा रामसेस सर्वांत प्रख्यात होय. त्याचे वृत्त आज आम्ही थोडक्यात सांगतो.

सेती राजाचा हा पुत्र इ. स. पूर्वी १२७९ च्या सुमारास गादीवर बसला. रामसेस म्हणजे रा नामक सूर्यदेवापासून जन्मलेला. राज्याच्या पाचव्या वर्षी त्याने सुरिया देशात कादेश येथे हित्ती लोकांशी युद्ध केले. शत्रूच्या हेरांनी त्यास फसविले व तो पुरता कोंडीत सापडला. परंतु कुमक वेळेवर आल्यामुळे बचावला. कादेश काही त्याच्या हाती आले नाही. तथापि स्वदेशी परतल्यावर त्याने देवळादेवळांच्या भिंतींवर ह्या लढाईची चित्रे आपला मोठा विजय म्हणून कोरविली. पुढे सुमारे १५ वर्षांनी त्याने त्याच हित्ती लोकांशी तह केला व उभय राष्ट्रांत शांतता नांदू लागली. ही गोष्ट त्यास खरोखर भूषणावह आहे.

आपले नाव अमर व्हावे, हा त्याचा ध्यास होता. अबू सिंबेल येथे डोंगर कोरून त्याने देऊळ केले व त्याच्या दारी स्वतःच्या चार बैठ्या मूर्ती घडविल्या. त्यांची उंची सुमारे ६५ फूट आहे. पूर्वीच्या राजांच्या मूर्तींवरही त्याने आपलेच नाव घातले. आणि आपले नाव कोणी खोडू नये म्हणून ती अक्षरे फार खोल कोरविली.

त्याने सुमारे ६६ वर्षे राज्य केले. त्यास शंभरावर अपत्ये झाली असे म्हणतात. परंतु त्याचे बारा वडील पुत्र त्याच्या हयातीतच निवर्तले, म्हणून तेरावा पुत्र मर्नेप्ता गादीवर आला. म्हातारपणी दातांच्या व सांध्यांच्या विकारांनी राजा जर्जर झाला होता, हे त्याच्या मसाला भरून ठेविलेल्या प्रेतावरून दिसते. पुढे चोरांनी राजांच्या कबरा फोडल्या, तेव्हा याजकांनी ते प्रेत हलवून डोंगरातील एका गुप्त जागी लपविले. तेथे ते १८८१ साली सापडले. आज कैरो शहरातील संग्रहालयात लोक ते पाहावयास जातात.

आणि ती खोल अक्षरे? ती लिपीच लोक विसरले. सुमारे १४०० वर्षे ती वाचणारा कोणी उरला नाही. अखेर १८२२ साली शांपोल्यों नामक फ्रेंच पंडिताने अबू सिंबेलच्या लेखाची नक्कल पाहिली व हे नाव ओळखले. मिसरातील ख्रिस्ती मंडळीने उपासनेत जपलेली कॉप्टिक भाषा त्यास येत होती. तीत सूर्यास रे म्हणतात. सूर्याच्या चिन्हापासून आरंभ करून त्याने रामसेस हे नाव लाविले. ज्या राजाने अक्षरे पाषाणात कोरविली, त्याचे नाव अशा रीतीने गरीब भाविकांच्या प्रार्थनेच्या भाषेमुळे पुनः वाचता आले!

इस्राएलास छळणारा फारो हाच होता असे पुष्कळ विद्वान मानितात. परंतु शास्त्रात त्या फारोचे नाव दिलेले नाही. प्रिय वाचकहो, त्याच अध्यायात दोन सुइणींची नावे मात्र स्पष्ट दिली आहेत. शिप्रा व पुवा ह्यांनी राजाज्ञा मोडून इब्री बालके जिवंत ठेविली. त्यांनी एकही दगड कोरविला नाही. गावोगावच्या ज्या बंधुभगिनींची नावे कोणत्याही पाटीवर लिहिली जात नाहीत, त्यांनी हा अध्याय पुनः एकवार वाचावा, अशी आमची विनंती आहे.