आसोद्याच्या बहिणाबाई

बहिणाबाई म्हटले की आपल्याकडील वडीलधाऱ्या बायांना तुकोबारायांच्या शिष्या, देवगावच्या संत बहिणाबाई आठवतात. त्या आपल्या मराठवाड्याच्याच. मी येथे सांगणार आहे ती हकीकत मात्र खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची.

जळगावजवळच्या आसोदे गावी उखाजी महाजनांच्या घरी २४ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. आईचे नाव भिमाई. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झाले आणि तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी. पुढचे आयुष्य शेतात आणि चुलीपुढे गेले. तरी जात्यावर, मोटेवर, खळ्यावर, सुगरणीचा खोपा पाहताना गाणी सुचतच राहिली. त्यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही उतरून घेतली. बाकीची वाऱ्यावर गेली, याची मला फार हळहळ वाटते.

ही गाणी लेवा गणबोलीतली आहेत. तेथे ळ चा य होतो, ण चा न होतो. डोळ्यांना डोये म्हणतात, जात्याला घरोट. आता कोणी म्हणेल, जरा शुद्ध करून घेतले असते तर काय बिघडले असते? पहिली गोष्ट, यमके मोडली असती, कारण ती त्याच उच्चारांवर जुळलेली आहेत. दुसरी त्याहून मोठी. आखजी हाच शब्द घ्या. तो खोडून अक्षय्य तृतीया लिहा. पंचांगातली तिथी तेवढी हाती राहील. माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेले झोके, त्यांची गाणी, हे सारे आखजीत आहे. आपल्याला पंचमी म्हटल्यावर जसे माहेर आठवते, तसेच ते.

सोपानदेव स्वतः नाव मिळवलेले कवी होते, आणि लिहीत ते पुस्तकी मराठीत. आईच्या ओळींवरून त्यांनी लेखणी फिरवली असती तर कोणाला कळलेही नसते. त्यांनी तसे केले नाही. माझ्या मते त्यांचे हे मोठेपण त्यांच्या कवितेइतकेच मोलाचे आहे.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावीच वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीत भीत आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्रे भारावून गेले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. बाईंना ते पाहायला मिळाले नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ती गाणी घरोघर नेली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ह्या निरक्षर बाईचे नाव देण्यात आले.

आपल्या गेवराईतही पाण्याला पानी म्हणणाऱ्या बाया मंडळात आल्या की मागच्या सतरंजीवर गप्प बसतात. घरी त्यांच्याच तोंडी दोनदोनशे ओव्या असतात. गेल्या श्रावणापासून मी त्या एका वहीत उतरवीत आहे. पानी म्हटले की पानीच लिहिते. गल्लीतल्या एका आजींच्या ओव्या लिहून झाल्या. दुसऱ्या आजी अजून लाजतात, पण सुनेने त्यांना पुढच्या बुधवारी घेऊन येण्याचे कबूल केले आहे.