आचार्य नागार्जुन आणि सोन्याची दंतकथा

नागपूरजवळ रामटेकला नागार्जुनांच्या नावाची टेकडी आहे. युवकांना घेऊन आम्ही तिकडे जातो तेव्हा कुणी ना कुणी सांगतोच, की नागार्जुन दगडाचे सोने करायचे आणि रसायन खाऊन शेकडो वर्षे जगले. त्यांनी काय लिहिले, हे मात्र कुणी सांगत नाही. एवढ्या मोठ्या बौद्ध विचारवंताची ओळख किमयागार म्हणून उरावी, हे आम्हाला बोचते.

नागार्जुन साधारण इ. स. च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले, म्हणजे सातवाहन काळातले. जन्म ब्राह्मण घरातला. चिनी चरित्र त्यांना दक्षिण भारतातले म्हणते, तिबेटी परंपरा विदर्भातले. याहून पक्के असे फार थोडे हाती लागते. ती मोकळी जागा पुढच्या शतकांनी चमत्कारांनी भरून काढली.

चिनी चरित्र कुमारजीवांच्या नावावर आहे. त्यातली गोष्ट अशी. तरुण नागार्जुन आणि त्यांचे तीन मित्र अदृश्य होण्याची विद्या शिकायला एका मांत्रिकाकडे जातात. तो त्यांना पापण्यांना लावायचे औषध देतो, कृती मात्र लपवून ठेवतो. नागार्जुन नुसत्या वासावरून त्यातली सत्तर द्रव्ये ओळखतात. मग चौघे अदृश्य होऊन राजाच्या अंतःपुरात शिरतात. राजा दारांत बारीक माती पसरायला लावतो. पावले उमटतात, शिपाई हवेत तलवारी चालवतात आणि तिघे मित्र मरतात. राजाच्या अगदी जवळ शस्त्र चालवायला मनाई असते, म्हणून त्याच्या शेजारी श्वास रोखून उभे राहिलेले नागार्जुन तेवढे वाचतात. वासना हेच दुःखाचे मूळ, हे त्यांना तिथे उमगते आणि ते प्रव्रज्या घेतात.

ही गोष्ट सांगणारे लोक अदृश्य होण्यापाशीच रंगतात. त्या विद्येने तीन जीव घेतले, हा भाग गळून जातो.

तिबेटी इतिहासकार बुस्तोन यांनी दिलेली कथा आम्हाला जास्त आवडते. नालंदेत दुष्काळ पडतो आणि नागार्जुन किमयेने सोने करून भिक्खूंना जगवतात. पण हे कळल्यावर संघ त्यांचे आभार मानत नाही. संघाला न विचारता चुकीच्या मार्गाने उपजीविका चालवली, असा ठपका ठेवून त्यांनाच प्रायश्चित्त देतो! नालंदा महाविहार पाचव्या शतकातला, म्हणजे ही कथा इतिहास नव्हे. तरीही तिच्यात विनयाची आठवण टिकून आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात भिक्खूंनी टाळायच्या उपजीविकांची लांब यादी आहे. हात पाहणे, मुहूर्त काढणे, इतकेच काय, मंत्राने समोरच्याची जीभ बांधणेही त्या यादीत येते.

सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग यांनी सातवाहन राजाची कथा नोंदवली. डोंगरात विहार कोरताना राजाचा खजिना संपतो, तेव्हा नागार्जुन खडकांवर औषध शिंपडून त्यांचे सोने करतात. त्यांच्याच रसायनाने राजाचे आयुष्य इतके लांबते, की राजपुत्राला सिंहासन मिळेना. तो नागार्जुनांकडे त्यांचे मस्तक मागतो आणि ते गवताच्या सुक्या पात्याने स्वतःचा गळा चिरून ते देतात. थोडक्यात, रसायनाचा शेवट इथेही मृत्यूतच होतो.

मग किमयागार नागार्जुन आले कुठून? अकराव्या शतकात अल्-बेरुनी लिहितो, की सोमनाथजवळच्या दैहक गावचा नागार्जुन नावाचा रसविद्येचा जाणकार त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी होऊन गेला. म्हणजे हा माणूस दहाव्या शतकाच्या आसपासचा. आचार्यांच्या नावावर खपवले जाणारे पाऱ्याचे ग्रंथही त्यांच्या काळानंतर कितीतरी शतकांनी लिहिले गेले. एका नावाची अनेक माणसे झाली आणि सगळी मिळून एक सिद्धपुरुष तयार झाला.

खरे नागार्जुन ‘मूलमध्यमककारिके’त भेटतात. 27 प्रकरणे, जेमतेम साडेचारशे कारिका. सगळे काही कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, कशालाही स्वतःचा अढळ स्वभाव नाही, यालाच ते शून्यता म्हणतात. माया या ग्रंथातही येते, पण दृष्टांत म्हणून. मायेने निर्माण केलेला माणूस जसा दिसतो पण त्याला स्वतःचे सत्त्व नसते, तसे कर्म आणि कर्ता.

वस्तूंना अढळ स्वभाव असता तर काहीच बदलले नसते, दुःखही संपले नसते आणि मार्गाला अर्थ उरला नसता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माणूस जन्मानेच उच्च किंवा नीच ठरतो, असे आजही ऐकवले जाते. त्याला उत्तर द्यायला आम्हाला हा युक्तिवाद कामी येतो. हा अर्थ आमचा आहे, कारिकेत जातीची चर्चा नाही.

‘रत्नावली’ हे राजाला उद्देशून लिहिलेले पत्र. कैद्यांना अन्न, पाणी, औषध आणि न्हावी मिळावा, दुबळ्या कैद्यांना लवकर सोडावे, वाटेवर पाणपोया असाव्यात, संकटात सापडलेल्यांचा कर कमी करावा, असे त्यात नेमके सांगितले आहे. राज्य कसे चालवावे हे सांगणाऱ्या या माणसाला सोन्याची गरज पडलेली दिसत नाही. टेकडीवरच्या पुढच्या शिबिरात आम्ही हेच पत्र वाचायला घेणार आहोत. कैद्यांच्या भागापासून सुरुवात करू.