तंजावरचे सरफोजी राजे

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात तंजावर नावाचे प्राचीन नगर आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. पुढे दीडशेहून अधिक वर्षे त्या तामिळ मुलखात मराठी राजांची गादी नांदली आणि दरबारचे कागद मोडी लिपीत लिहिले गेले. या घराण्यातील सर्वांत विद्याव्यासंगी पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी राजे होत. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला.

तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. म्हणून १७८७ साली त्यांनी भोसले कुळातीलच या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. थोड्याच दिवसांत तुळजाजींचा अंत झाला आणि त्यांचे बंधू अमरसिंग यांनी राज्याची सूत्रे आपल्या हाती घेतली. अमरसिंगांना हा दत्तक पुत्र डोळ्यांत सलत होता. त्यांनी मुलाला वाड्यात जवळजवळ बंदिवासातच ठेवले. त्याच्या शिक्षणाची तर कोणी विचारपूसही करीना. अशा वेळी श्वार्ट्‌झ नावाचे एक वृद्ध जर्मन मिशनरी त्याच्या साहाय्यास धावून आले. तुळजाजींचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. त्यांच्या खटपटीमुळे १७९३ साली सरफोजींना मद्रासेस नेण्यात आले आणि तेथे त्यांच्या अध्ययनास खरा आरंभ झाला. संस्कृत, मराठी आणि तामिळ यांच्या जोडीला ते इंग्रजी शिकले. कोंडलेल्या मुलाला एकदम मोकळे आकाश दिसावे तसे त्यांचे झाले. जे जे नवे दिसेल ते ते जाणून घेण्याची जी गोडी त्यांना त्या वयात लागली, ती मरेपर्यंत ओसरली नाही.

१७९८ च्या आरंभी श्वार्ट्‌झ निवर्तले आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी राज्यावर बसले. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून एक संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात तरुण राजाने हाती घेतला आहे, असे त्यात दाखविले आहे. तंजावर कधीही न पाहिलेल्या माणसाने ते घडविले, ही गोष्ट लक्षात ठेवून ते पाहावे.

पण गादी मिळाली, तरी राज्य हाती राहिले नाही. १७९९ साली इंग्रजांनी सरफोजींशी तह केला. त्या तहाने सारा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या हाती केवळ तंजावरचा किल्ला व त्याच्या आसपासचा थोडासा भाग राहिला. त्या बदल्यात त्यांना वर्षाला ठरावीक नेमणूक मिळू लागली. वय अवघे बावीस वर्षांचे, पूर्वजांचा पराक्रम कानांवर घातलेला, आणि करावयास राज्यकारभार नाही! अशा स्थितीत त्या काळचे कित्येक संस्थानिक नाचरंगात बुडून गेले. सरफोजींनी मात्र आपला पैसा आणि वेळ विद्येकडे वळविला.

वाड्यात नायक राजांच्या काळापासून एक ग्रंथालय होते. सरफोजींनी ते इतके वाढविले, की आज ते सरस्वती महाल या नावाने जगातील विद्वानांस परिचित आहे. ताडपत्रांवरील पोथ्यांबरोबर तेथे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व लॅटिन भाषांतील ग्रंथही आले. त्यांतील पुष्कळ पुस्तकांवर खुद्द राजांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. या ग्रंथांत वनस्पती, पशुपक्षी, वैद्यक आणि शरीररचना या विषयांवरील सचित्र पुस्तके बरीच होती. सरफोजींच्या आयुष्यातील एका फार महत्त्वाच्या उद्योगाचे मूळ या सचित्र पुस्तकांतच शोधावे लागते.

तंजावरची चित्रकला तेव्हाही प्रसिद्ध होती. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवून, त्यावर सोन्याचा वर्ख आणि रंगीत खडे बसवून तेथील चित्रकार देवादिकांची चित्रे काढीत. त्या चित्रांतील बाळकृष्ण गुबगुबीत, मुखे वाटोळी, आणि अलंकार तर शरीराहून अधिक! अशा चित्रात अवयवांची मापे अचूक असण्याची आवश्यकता नसते. तेथे भक्ताच्या भावनेचे माप पुरते. हत्ती-घोड्यांची चित्रेही परंपरेने काढली जात. सरस्वती महालात गजशास्त्र व अश्वशास्त्र यांच्या सचित्र प्रती आहेत. त्यांत शास्त्रात सांगितलेली शुभाशुभ लक्षणे दाखविलेली असतात. चित्रकार ते लक्षण ऐकून चित्र काढी. समोर उभा असलेला विशिष्ट हत्ती पाहून नव्हे.

सरफोजींनी याच मातीत वाढलेल्या चित्रकारांकडून निराळ्या प्रकारची चित्रे काढून घेतली. येथे सोन्याचा वर्ख नाही, मागे महिरप नाही. कोरा कागद, त्यावर एकच पक्षी किंवा प्राणी, आणि पाहिले तेवढेच रंग. चोचीचा बाक, पायाच्या बोटांची ठेवण, पिसांचे थर ही सारी जशीच्या तशी उतरली पाहिजेत. अशी शंभरावर चित्रे राजांनी आपले स्नेही बेंजामिन टोरीन यांना धाडली. टोरीन हे पूर्वी तंजावरास कंपनीचे रेसिडेंट होते. ही चित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत.

पाहून चित्र काढणे हे सोपे वाटते, पण तसे ते नाही. याचा प्रत्यय घेण्यास आपल्या कोकणपट्टीसारखे दुसरे ठिकाण नाही. आंबोलीच्या घाटमाथ्यावरून निरभ्र दिवशी समुद्र दिसतो तो क्षितिजावरच्या एका निळसर रेघेसारखा. घाट उतरून मालवणच्या किनाऱ्यावर यावे, होडीत बसावे, तेव्हा कोठे पाण्याबाहेर उसळणारा डॉल्फिन दृष्टीस पडतो. तोही क्षणभरच! न जाणणारा मनुष्य लगेच मासा काढतो, त्याला खवले देतो आणि शेपटी उभी दाखवितो. वास्तविक माशाची शेपटी उभी असते व ती डावीउजवीकडे हलते. डॉल्फिन आणि देवमासा यांची शेपटी आडवी असते व ती वरखाली हलते. कारण ते मासे नव्हेत. ते फुप्फुसांनी श्वास घेतात आणि पिलांना दूध पाजतात. त्यांच्या पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाच्या कातडीखाली मनुष्याच्या हाताप्रमाणे दंडाचे, मनगटाचे आणि बोटांचे हाड असते. युरोपातही जुन्या काळच्या चित्रकारांनी देवमाशाला खवले आणि अक्राळविक्राळ सुळे देऊन त्याचा राक्षस करून टाकला होता. शरीरशास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर वाहून आलेली प्रेते उघडून पाहिली, तेव्हा हळूहळू ती चित्रे सुधारली. सारांश, कातडीवरची रेषा बरोबर येण्यास कातडीखालचे हाड ठाऊक असावे लागते.

सरफोजींची जिज्ञासाही हळूहळू या हाडापर्यंत येऊन पोहोचली. त्यांना मनुष्याच्या शरीराची रचना शिकावयाची होती. पुस्तकांतील आकृत्यांवर त्यांचे समाधान होईना. प्रत्यक्ष सांगाडा हाताळला पाहिजे असे त्यांना वाटू लागले. पण येथे मोठीच अडचण आली. प्रेताच्या अस्थी घरात ठेवणे धर्मदृष्ट्या अत्यंत अपवित्र. ते राजे होते, देवालयांचे पालक होते. नित्य पूजाअर्चा करणारे श्रद्धावान हिंदू होते. वाड्यात माणसाची हाडे आणली असती, तर प्रजेच्या मनाला धक्का बसला असता, आणि कदाचित त्यांच्या स्वतःच्या मनालाही. दुसरा एखादा या ठिकाणी थांबला असता, किंवा धर्म गुंडाळून ठेवून मोकळा झाला असता. सरफोजींनी या दोहोंपैकी काहीच केले नाही. संपूर्ण मानवी सांगाडा हस्तिदंतात कोरवून घेण्याचे त्यांनी ठरविले आणि त्याची मागणी इंग्लंडात केली. १८०४ साली लॉर्ड व्हॅलेन्शिया हे इंग्रज प्रवासी तंजावरास आले होते. राजांचे शरीरशास्त्राचे हे वेड आणि ही हस्तिदंती युक्ती यांची नोंद त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात केली आहे.

या युक्तीत केवळ सोय नव्हती. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांतील प्रत्येकाला स्वतःचा उंचवटा, खोबण आणि सांधा असतो. ती सगळी कोरावयाची, तर कोरणाऱ्याला आधी प्रत्येक हाड नीट पारखावे लागते. पाठीच्या कण्यातील एक मणका चुकला, तर वरचे सारे सांधे चुकतात. कारागिराचे हत्यार येथे वैद्याच्या डोळ्याइतकेच सावध असावे लागते.

सरस्वती महालात शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाचित्रांचे छापही आहेत. त्यांत मनुष्याचे मुख आणि बैल, घुबड, उंट इत्यादी प्राण्यांचे मुख शेजारी शेजारी मांडून त्यांच्या स्वभावांतील साम्य दाखविण्याचा प्रयत्न केलेला आहे. ज्याचे नाक पोपटासारखे त्याचा स्वभावही तसाच, अशा तऱ्हेची ही कल्पना आता कोणी शास्त्र मानीत नाही. रेषा मात्र पाहण्यासारख्या आहेत.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर धन्वंतरी महालात सापडते. सरफोजींनी स्थापिलेल्या या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींच्या औषधांचा अभ्यास चाले. माणसांबरोबर जनावरांसाठीही तेथे औषधे तयार होत. अनुभवास उतरलेले उपाय तामिळ कवींकडून पद्यात रचवून घेतले जात, म्हणजे ते सामान्य वैद्यांच्याही मुखी राहावेत.

राजांचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय म्हणजे नेत्ररोग. डोळ्यांच्या रुग्णांची जी नोंदपत्रे तेथे ठेवली गेली, त्यांतील चाळीस-पन्नास रुग्णांची माहिती आजही उपलब्ध आहे. रुग्ण कोण, त्याला दिसते कसे, त्रास कोणता, उपचार कोणते केले, हे त्यांत लिहिलेले आहे. आणि बाजूस त्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र! कोठे बुबुळावर आलेला पांढरा डाग, कोठे लाल झालेल्या शिरा, कोठे मोतीबिंदूने धुरकट झालेली बाहुली. देवांचे विशाल, कमलाकार नेत्र रंगविणाऱ्या परंपरेत वाढलेल्या कुंचल्याने येथे दरिद्री माणसाचा आजारी डोळा रंगविला आहे, आणि तो सुंदर करण्याचा मोह टाळला आहे. तो मोह आवरला नसता, तर ते चित्र वैद्याच्या काहीच कामाचे उरले नसते. छायाचित्राचा शोध अद्याप प्रसार पावला नव्हता. रोग्याचा डोळा कालच्यापेक्षा आज बरा की वाईट, हे ताडून पाहण्यास त्या चित्रासारखे दुसरे साधन नव्हते.

सरफोजींनी शाळा काढल्या, छापखाना घातला, त्यातून इसापच्या कथा मराठीत छापविल्या. १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो प्रचंड शिलालेख पाहणारा चकित होतो. देवेंद्र कुरवंजी या आपल्या मराठी नाटकात तर त्यांनी भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला आहे! खंडे, देश, नद्या यांची नावे ती गाऊन सांगते.

१८२० साली राजे मोठ्या परिवारासह काशीयात्रेस निघाले. बरोबर सुमारे तीन हजार माणसे होती. ही यात्रा दोन वर्षे चालली. यात्रेहून लोक गंगाजल आणतात. सरफोजींनी काशीच्या घाटांची चित्रेही आणली. प्रत्येक घाटाच्या पायऱ्या, देवळे आणि स्नानास उतरलेले लोक त्यांत पाहावयास मिळतात.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरास आले. लिनीअस, बुफाँ, लाव्हाझिए अशा युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांविषयी हा हिंदी राजा सहजपणे बोलतो, हे पाहून त्यांना मोठा विस्मय वाटला. तो विस्मय समजण्याजोगा आहे. पण त्या वेळी राजांच्या विद्याव्यासंगाला पंचवीसहून अधिक वर्षे झाली होती.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजे निधन पावले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्यामागे पुरुष वारस नव्हता, म्हणून १८५५ नंतर कंपनी सरकारने उरलेले राज्यही खालसा केले. १९१८ साली सरस्वती महाल सर्वांना खुला करण्यात आला. डोळ्यांच्या रोग्यांची ती नोंदपत्रे पुढे नेत्रवैद्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती बारकाईने तपासली. चित्र पाहून रोग ओळखता येईल, इतक्या विश्वासू हाताने ती काढलेली होती.