मनाची गाठ आणि राखमानिनोव

अपयश कोणाला चुकले आहे? परीक्षेत, स्पर्धेत, रंगमंचावर प्रत्येकाला कधी ना कधी त्याची चव घ्यावी लागते. परंतु काहींच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडते. प्रसंग सरून जातो, लोक तो विसरतातही; त्या माणसाचे मन मात्र तोच प्रसंग पुनःपुन्हा जगत राहते. नवे काम हाती घ्यायचे म्हटले की तीच छातीतली धडधड, तेच हातापायांतले बळ जाणे. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून संमोहनाचे प्रकरण अभ्यासताना अशा मनाचे सर्वांत बोलके उदाहरण मला सापडले ते एका रशियन संगीतकाराच्या चरित्रात. सर्गेई राखमानिनोव हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १८७३ साली नोव्हगोरोद प्रांतातील एका जमीनदार घराण्यात झाला. परंतु वडिलांच्या उधळेपणामुळे जमिनी एकामागून एक गेल्या, कुटुंब पीटर्सबर्गला भाड्याच्या घरात आले आणि आईवडील विभक्त झाले. धाकटी बहीण सोफिया घटसर्पाने दगावली. १८८५ साली मोठी बहीण येलेना हीही गेली. बारा वर्षांचा सर्गेई त्या वर्षी संगीत विद्यालयातील इतर विषयांच्या परीक्षेत नापास झाला. तेव्हा त्याचा मावसभाऊ की चुलतभाऊ हा प्रश्न बाजूला ठेवून नात्यातलाच म्हणावा असा थोर पियानोवादक अलेक्झांडर सिलोती याच्या सल्ल्याने त्याला मॉस्कोला पाठविण्यात आले. तेथे निकोलाय झ्वेरेव या कडक शिस्तीच्या गुरूच्या घरी राहून, पहाटे सहाला पियानोवर बसून त्याने विद्या कमावली. १८९२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘अलेको’ ही एकांकी संगीतिका परीक्षेसाठी रचून त्याने मॉस्को विद्यालयाचे मोठे सुवर्णपदक मिळविले. खुद्द चायकोव्स्कींनी त्याचे कौतुक केले. आता पुढची वाट मोकळी झाली, असेच कोणालाही वाटले असते.

आणि मग आला १८९७ चा मार्च महिना. पीटर्सबर्गमध्ये राखमानिनोव यांच्या पहिल्या सिंफनीचा, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठी केलेल्या मोठ्या रचनेचा, पहिला प्रयोग झाला. संचालक होते ग्लाझुनोव. तालमी अपुऱ्या झाल्या होत्या. वादन इतके विसकळीत झाले की रचनाकार स्वतः सभागृहाबाहेरच्या जिन्यात जाऊन लपला. सेझार क्यूई या समीक्षकाने तर या संगीताची तुलना बायबलातील इजिप्तवर कोसळलेल्या दहा संकटांशी केली. तेवीस वर्षांच्या तरुणाने दोन वर्षे उराशी जपलेले स्वप्न एका संध्याकाळीत धुळीस मिळाले.

पुढची जवळजवळ तीन वर्षे त्यांच्या हातून मोलाची अशी नवी रचना झाली नाही. ते अगदी निष्क्रिय होते असे मात्र नव्हे. मामोंतोव यांच्या खाजगी संगीत नाटक मंडळीत त्यांनी वाद्यवृंद संचालनाचे काम केले. तेथेच थोर गायक शाल्यापिन यांच्याशी त्यांची मैत्री जडली. १८९९ साली लंडनला जाऊन ते वाजवून आले आणि तेथील श्रोत्यांसाठी नवा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो व वाद्यवृंद यांची एकत्र रचना, लिहिण्याचे वचनही देऊन आले. पण कोरा कागद पुढे घेतला की मन आखडून जाई. धीर मिळेल या आशेने ते टॉलस्टॉय यांच्या भेटीस गेले. परंतु तेथे ऐकविलेले गीत त्या वृद्ध लेखकाला आवडले नाही आणि राखमानिनोव अधिकच खचले.

अखेर नातलगांच्या आग्रहावरून १९०० च्या जानेवारीत ते डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे जाऊ लागले. दाल हे मॉस्कोतील डॉक्टर, संमोहनोपचारात रस घेणारे आणि स्वतः हौशी वादक. एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज ही बैठक होई. रुग्ण खुर्चीत रेलून अर्धनिद्रेत असताना डॉक्टर त्याच त्या आशयाच्या सूचना शांतपणे देत: तो कॉन्चेर्टो लिहू लागेल, काम सहज होईल आणि रचना उत्तम उतरेल. याशिवाय दोघांच्या संगीतावर दीर्घ गप्पाही होत.

संमोहन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जादूगाराची नजरबंदी उभी राहते. शास्त्रातले संमोहन निराळे आहे. मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी १८४३ साली आपल्या ग्रंथात या अवस्थेचा संबंध गूढ चुंबकशक्तीशी न जोडता एकाग्र झालेल्या अवधानाशी जोडला. पुढे फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो व बर्नहाइम यांनी सूचनेचे महत्त्व पुढे आणले. संमोहित माणूस झोपलेला नसतो, तो ऐकत असतो आणि त्याची इच्छाशक्तीही हरपत नाही. मन सैल होते, लक्ष एका बिंदूवर येते आणि एरवी प्रत्येक आश्वासक शब्दाला हटकणारा आतला पहारेकरी थोडा वेळ बाजूला होतो. जुन्या प्रसंगाशी भीतीची सांगड घट्ट बसलेली असते. त्याच कामाशी निवांतपणाची नवी सांगड घालण्यास अशा वेळी वाव मिळतो. सगळ्यांवर याचा सारखा परिणाम होत नाही, आणि संमोहनात आठवलेली गोष्ट खरीच असेल असेही नाही. म्हणूनच जाणकार डॉक्टर आज ते वेदना, चिंता यांवरील इतर उपचारांच्या जोडीने वापरतात.

राखमानिनोव यांच्या बाबतीत काय झाले? त्या उन्हाळ्यात ते इटलीला गेले आणि नव्या कल्पना सुचू लागल्या. दुसऱ्या कॉन्चेर्टोचे शेवटचे दोन भाग आधी तयार झाले आणि डिसेंबर १९०० मध्ये मॉस्कोत सादरही झाले. पहिला भाग सर्वांत शेवटी लिहिला गेला. १९०१ च्या शरदात संपूर्ण रचना वाजायची होती. पियानोवर स्वतः राखमानिनोव, संचालनाला सिलोती. प्रयोगास पाचच दिवस उरले असता एका मित्राची टीका त्यांच्या कानी आली आणि जुना घाव पुन्हा ठसठसू लागला. पहिला भाग फुकट गेला, अशी त्यांची खात्रीच झाली.

मला या साऱ्या चरित्रात हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. भीती गेली नव्हती. ती आली, ठरलेल्या वेळी आली, आणि नेहमीच्याच आवाजात बोलली. फरक एवढाच की या वेळी राखमानिनोव जिन्यात जाऊन लपले नाहीत. ते पियानोपुढे बसले आणि मंद सुरू होऊन चढत जाणारे, घंटानादासारखे ते सुरुवातीचे स्वर त्यांनी वाजविले. यश अपूर्व होते. १९०४ साली या रचनेस ग्लिंका पारितोषिक मिळाले. ती त्यांनी अर्पण केली डॉ. दाल यांना.

संमोहनाने त्यांच्यात नवी प्रतिभा ओतली, असे मी म्हणणार नाही. प्रतिभा होतीच, तिच्या दारावर पडलेली कडी निघाली. स्वभावातली उदासीही सरली नाही. १९१७ साली रशिया सोडल्यावर त्यांचे रचनाकार्य पुन्हा मंदावले. १९२७ साली चौथ्या कॉन्चेर्टोवर टीका झाली तेव्हा ते त्या रचनेत पुढे वारंवार काटछाट करीत बसले. जुनी सवय अशी सहजासहजी घर सोडत नाही.

आणि ती पहिली सिंफनी? राखमानिनोव यांनी ती आयुष्यात पुन्हा कधी वाजू दिली नाही. देश सोडताना तिची प्रत मागे राहिली आणि नाहीशी झाली. पण १९४० साली अमेरिकेत ‘सिंफॉनिक डान्सेस’ ही आपली शेवटची मोठी रचना लिहिताना पहिल्या भागाच्या अखेरीस त्यांनी त्या सिंफनीची मुख्य धून हलकेच आणली. मूळची उग्र धून येथे शांत, प्रसन्न होऊन येते. श्रोत्यांपैकी कोणाला ती ओळखू येण्याचा संभव नव्हता. ज्या आठवणीने तरुणपणी त्यांचा गळा आवळला होता, तिच्याकडे सदुसष्टाव्या वर्षी त्यांना निवांतपणे पाहता आले.

२८ मार्च १९४३ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे त्यांचे निधन झाले. पुढे लेनिनग्राडच्या ग्रंथालयात त्या सिंफनीचे वादकांसाठीचे सुटे कागद सापडले, त्यांवरून ती पुन्हा जुळविण्यात आली आणि १९४५ साली मॉस्कोत वाजली. या वेळी लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात अशी एखादी १८९७ ची संध्याकाळ दडलेली असते. ती पुसून टाकण्याचा मंत्र कोणापाशी नाही. परंतु एखाद्या जाणत्याच्या साहाय्याने मनाची गाठ सैल करून पुन्हा कामाला बसता येते, एवढा दिलासा हे चरित्र नक्कीच देते.