जागेवरून लांब उडी

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठवा, असा निरोप आला. माझी आठवण एका प्रश्नाची आहे आणि त्याचं उत्तर ज्या माणसापाशी सापडलं तो आपल्या शाळेतला नव्हे. तरी गोड मानून घ्यावी.

मैदानाच्या कडेचा मातीचा हौद सगळ्यांना आठवत असेल. क्षमता चाचणीत जागेवरून लांब उडी असायची. पळत यायचं नाही. दोन्ही पाय रेषेला लावून उभं राहायचं, हात मागे न्यायचे, गुडघे मोडायचे आणि झेपावायचं. रेषेवर टेपचं टोक धरून आपला एक मित्र बसलेला असे. त्याचा एक पाय पोलिओने अधू होता. त्याला तिथे बसवणारा मी, वर्गाचा मॉनिटर. तुला उडी मारायची आहे का, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. उलट त्यानेच एकदा मला विचारलं, की या प्रकारात जगात सगळ्यात लांब उडी कोणाची? असली उडी कोण मोजत बसतंय, असं म्हणून मी त्याला उडवून लावलं.

मोजत होते. चक्क ऑलिंपिकमध्ये मोजत होते. हे मला समजलं ते नोकरीत, धरणाच्या कॅम्पवर एक जुनं क्रीडाविषयक पुस्तक हाती आलं तेव्हा.

त्या माणसाचं नाव रे यूरी. जन्म १८७३ सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या लाफायेट गावचा. लहानपणीच पोरका झाला आणि त्यातच त्याला पोलिओ झाला. काही काळ चाकाच्या खुर्चीत गेला. पाय कायमचे जातील अशी डॉक्टरांना भीती होती. पोराने आपल्या आपण पायांचे व्यायाम सुरू केले, आणि त्यात उड्याच जास्त. पोलिओ झालेल्या प्रत्येकाला व्यायामाने पाय परत मिळतात असं नाही, हे आपल्या मित्राला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून या गोष्टीचा बोध वगैरे मी काढत नाही. यूरीला मिळाले, एवढंच.

पुढे तो गावातल्याच पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकला. कॉलेजच्या मैदानी संघाचा कप्तान झाला, फुटबॉलही खेळला. नंतर न्यूयॉर्कला गेला. नोकरी इंजिनीअरची, आणि उड्या न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबकडून.

१६ जुलै १९०० हा दिवस मला फार आवडतो. पॅरिसच्या ऑलिंपिकला धड ट्रॅकसुद्धा नव्हता. बुआ द बुलोन्य या बागेतल्या हिरवळीवर स्पर्धा झाल्या. तिथे यूरीने जागेवरून उंच उडी, लांब उडी आणि तिहेरी उडी अशा तिन्ही एकाच दिवशी जिंकल्या. उंच उडीत त्याने १.६५ मीटर पार केले. पळत न येता, हे विसरू नका! तिन्ही वेळा दुसरा आला तो त्याचाच देशबंधू आयर्व्हिंग बॅक्स्टर. मला राहून राहून त्या बॅक्स्टरचीही दया येते.

१९०४ ला सेंट लुईसमध्ये पुन्हा तिन्ही. तिहेरी उडी त्यानंतर बंद झाली, म्हणून १९०८ ला लंडनमध्ये उरलेल्या दोन. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. ही झाली आठ सुवर्णपदकं, सगळी वैयक्तिक. १९०६ च्या अथेन्सच्या स्पर्धा धरल्या तर दहा. ऑलिंपिकमध्ये तो एकदाही हरला नाही. वैयक्तिक सुवर्णपदकांचा त्याचा आकडा शंभर वर्षांनी, २००८ साली, मायकेल फेल्प्सने मागे टाकला. त्या वेळी वर्तमानपत्रांत यूरीचं नाव चार ओळींपुरतं आलं. जागेवरच्या उड्या १९१२ नंतर ऑलिंपिकमधून गेल्या. खेळच गेल्यावर खेळाडू कोणाच्या लक्षात राहणार?

मला मात्र त्याची नोकरी जास्त जवळची वाटते. तो न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर होता. माझाही जन्म पाणी मोजण्यात गेला. आपल्या कामाची लोकांना कशी आठवण होते, तर नळ कोरडा पडला की! १९३७ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्येच वारला.

आता तुझ्यासाठी. तुझं नाव इथे छापत नाही, पण वाचताना तुला कळेलच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. सेंट लुईस, १९०४, जागेवरून लांब उडी: ३ मीटर ४७ सेंटीमीटर. तो प्रकार बंद होईपर्यंत हा विक्रम टिकला. मेळाव्याला येताना टेप मी आणतो. हौद उरला नसेल तर पटांगणात लावू, एवढं अंतर जमिनीवर कसं दिसतं ते बघू. टोक मी धरतो, आकडा तू वाच.